मेडिकलवरची ट्यूब आणि आपली लाज

वर्धा जिल्ह्यात दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालं. सावंगीचं 1990 साली. दोन्हीकडे त्वचारोगाचा विभाग आहे, दोन्ही वर्धा शहराच्या अगदी जवळ आहेत. एवढी सोय विदर्भातल्या फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली. आणि तरीही आर्वी, आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतला जांघेत गजकर्ण झालेला माणूस, हाताला इसब झालेली बाई, बोटांच्या बेचक्यांत खरूज घेऊन रात्रभर खाजवणारं पोर आधी जातं ते मेडिकलवर. डॉक्टरकडे नाही. बहुतेक जण त्या मेडिकलच्या पुढे कधी जातच नाहीत.

याचं कारण विचारलं की शिकलेली माणसं लगेच सांगतात, अज्ञान. दुसरे म्हणतात, गरिबी. मला ही दोन्ही उत्तरं मान्य नाहीत. पोराला ताप चढला, म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, बाई बाळंतपणात अडली, तर हाच गरीब माणूस उसनवारी करून, रात्री अपरात्री गाडी करून सेवाग्राम गाठतो. तेव्हा त्याचं अज्ञान आड येत नाही. मग खाजेच्याच वेळी का येतं? कारण खाजेची त्याला लाज वाटते. ही लाज घेऊन तो जन्माला आलेला नाही. ती आपण सर्वांनी मिळून त्याच्या अंगावर चढवली आहे, आणि त्या लाजेवर आज एक मोठा धंदा उभा आहे.

मेडिकलच्या काउंटरवर हा व्यवहार कसा होतो ते कधी बाजूला उभं राहून पाहा. आधी आलेली गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत तो थांबतो. बायका असल्या तर आणखी थांबतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, "भाऊ, ते खाजेची ट्यूब द्या." दुकानदार विचारतो, "मागच्या वेळची देऊ का?" "ते नाई. लवकर आराम पडते ते द्या." संपलं. खाज कुठे आहे, किती दिवसांपासून आहे, घरात आणखी कोणाला आहे का, साखरेचा आजार आहे का, यातला एकही प्रश्न विचारला जात नाही. बाई असेल तर तीही स्वतः येत नाही. नवऱ्याला किंवा शाळकरी पोराला पाठवते. म्हणजे जिच्या कातडीवर ते मलम लागणार, ती त्या व्यवहारात हजरच नसते.

आता त्या ट्यूबमध्ये काय असतं ते नीट समजून घेऊ, कारण आपल्या नीतीचा प्रश्न त्या ट्यूबच्या आतच आहे. 'लवकर आराम' देणाऱ्या बहुतेक मलमांत तीन-चार औषधं एकत्र घोटलेली असतात. एक बुरशी मारणारं, क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन. एक जंतू मारणारं, निओमायसिन, जेंटामायसिन किंवा ऑफ्लॉक्सॅसिन. आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड, पुष्कळदा क्लोबेटासोल. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडची सुरुवात 1952 साली हायड्रोकॉर्टिसोनपासून झाली. ते सर्वांत सौम्य. क्लोबेटासोल दुसऱ्या टोकाला, सर्वांत जहाल गटात बसतं, हायड्रोकॉर्टिसोनच्या शेकडो पट प्रभावी. मोठ्या माणसानंसुद्धा ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, हा जगभरचा नियम आहे. चेहरा, जांघ, काख या नाजूक जागांसाठी तर ते नाहीच. आपल्याकडे ते सर्वांत जास्त लागतं ते नेमकं जांघेत आणि चेहऱ्यावर.

या मिश्रणाच्या मागे विचार असा: रोग कोणता ते ओळखायचे कष्ट नकोत. बुरशी असेल तर एक औषध लागू पडेल, जंतू असेल तर दुसरं, इसब असेल तर तिसरं. पण इसबाला हवं असलेलं स्टेरॉइड गजकर्णाला विष आहे. स्टेरॉइड त्वचेची प्रतिकाराची लढाईच थांबवतं. लढाई थांबली की लाली जाते, खाज जाते, माणूस म्हणतो गुण आला. खाली बुरशी मात्र निर्धास्त वाढत असते. पऱ्हाटीच्या गंजीत आग धुमसत असताना वरून ताडपत्री ओढावी, तसा हा आराम. चार दिवसांनी ट्यूब बंद केली की आठवड्यात चट्टा दुप्पट होऊन वर येतो. मग दुसरी ट्यूब. गजकर्णाची ओळखीची गोल कडाही या औषधानं पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरलासुद्धा रोग चटकन ओळखू येत नाही. वैद्यकशास्त्रानं या फसव्या रूपाला 1968 सालीच वेगळं नाव दिलं आहे. इतकी ही गोष्ट जुनी आहे, इतकी माहितीतली आहे.

वर्षभर अशी मलमं चोळलेली मांडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. कातडी कागदासारखी पातळ झालेली, तिच्यात बाळंतिणीच्या पोटावर पडतात तशा रुंद, तांबूस भेगांच्या रेघा, खालच्या शिरा वरून दिसणाऱ्या. त्या रेघा पुढे फिकट होतात, पण जात नाहीत. विशीतल्या पोराच्या अंगावर त्या आयुष्यभर राहतात. आणि हे सगळं शंभर रुपयांच्या आतबाहेरच्या ट्यूबनं केलेलं असतं, जी त्यानं मित्राच्या सांगण्यावरून घेतली आणि मग भावाला, चुलतभावाला दिली.

गेल्या दहाएक वर्षांत भारतात गजकर्णाचं रूपच बदललं. पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरा होणारा हा साधा रोग आता महिनोन् महिने हटत नाही, घरातल्या सगळ्यांना धरतो. त्यामागच्या बुरशीला 2020 साली स्वतंत्र नाव मिळालं: ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच भारत आहे. टर्बिनाफिन हे तिच्यावरचं हुकमी औषध पुष्कळ रुग्णांत निकामी ठरतं. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये या बुरशीचे दोन रुग्ण नोंदले गेले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं जाहीर इशारा दिला. ही बुरशी एवढी का माजली याच्या कारणांत स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेबंद वापर त्वचारोगतज्ज्ञ ठळकपणे धरतात. म्हणजे आपल्या काउंटरवर हळू आवाजात झालेल्या व्यवहारांचा हिशेब आता परक्या मुलखातली माणसंसुद्धा चुकवत आहेत.

यावरून कोणी असं समजू नये की स्टेरॉइड हे वाईट औषध आहे. मला या लेखात सर्वांत जास्त भीती त्याच गैरसमजाची वाटते. इसबावर योग्य ताकदीचं, योग्य दिवस लावलेलं स्टेरॉइड मलम हे आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे. लहान मुलाच्या गालावरचा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीतला इसब हायड्रोकॉर्टिसोनसारख्या सौम्य मलमानं काही दिवसांत निवतो. तळहाताच्या जाड, भेगाळलेल्या कातडीला जास्त ताकदीचं लागतं. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. हे एवढं साधं माप. ते सांगायला डॉक्टरला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढंच सांगितलं जात नाही.

आणि औषधाच्याही आधी इसबाला हवा असतो ओलावा. इसब झालेल्या माणसाच्या कातडीची भिंतच कच्ची असते. पाणी आतून उडून जातं, बाहेरची धूळ, साबण, घाम आत शिरतो. अंघोळ झाल्याबरोबर, कातडी ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली चोपडणं, उग्र साबण बंद करणं, नखं बारीक ठेवणं, हे औषधाइतकंच मोलाचं आहे आणि जवळपास फुकट आहे. पाणी झरणाऱ्या ओल्या इसबावर पोटॅशियम परमँगनेटचे एक-दोन खडे भरपूर पाण्यात पूर्ण विरघळवून, रंग पुसट गुलाबी होईल इतकं पातळ करून त्यात फडकं भिजवून ठेवतात. हे औषध आमच्या आजोबांच्या काळीही दवाखान्यात होतं. चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमससारखं, कातडी पातळ न करणारं मलम आहे. फारच हट्टी इसबासाठी गेल्या काही वर्षांत महागडी इंजेक्शनंही आली. पण वर्ध्यातल्या शंभरांतल्या बहुतेकांना त्या इंजेक्शनांची गरज नाही. त्यांना गरज आहे पेट्रोलियम जेलीची, योग्य मलमाची आणि पाच मिनिटं बोलणाऱ्या माणसाची.

इसब चिघळतो तेव्हा गोष्ट वेगळी होते. कातडी फुटली की स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू आत घर करतो. मधाच्या रंगाच्या खपल्या, पू, ठणका. मग इसबाचं औषध चालू ठेवूनच जंतूचं औषध द्यावं लागतं: जागा लहान असेल तर म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड पाचएक दिवस, पसरलं असेल तर तोंडावाटे प्रतिजैविकं. गळू झालं असेल तर त्याला चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य उपचार. नुसत्या गोळ्या गिळून भरलेलं गळू बसत नाही. आणि म्युपिरोसिन हे जपून वापरायचं औषध आहे. ते प्रत्येक खरचट्यावर, प्रत्येक मुरमावर, डास चावल्यावर फासलं की जंतू त्यालाही निर्ढावतात. निओमायसिनची तर काही जणांच्या कातडीला ॲलर्जीच होते; मग रोग बरा करायला लावलेल्या मलमानंच नवा इसब उठतो आणि त्यावर माणूस तेच मलम आणखी जास्त लावतो.

आता खरजेकडे या. खरूज म्हणजे गरिबाचा रोग, मळकट पोरांचा रोग, असं आपण मानतो. ती एका बारीक किड्यानं होते आणि अंगाला अंग लागून पसरते. जिथे एका खोलीत दहा पोरं झोपतात, एका चादरीत दोघं, तिथे ती होणारच. आश्रमशाळा आणि वसतिगृहं यांची ही नित्याची गोष्ट आहे. पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं पुन्हा लावायचं, घरातल्या किंवा खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, पांघरुणं गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकायची. एवढ्यानं ती जाते. पण आपण काय करतो? एकट्या पोराला खाजेची ट्यूब लावतो. खोलीतल्या बाकीच्या पोरांना तीच खरूज राहते, आणि ती पुन्हा त्याच्याकडे येते. खाजवून खाजवून फोड चिघळतात. त्या फोडांत स्ट्रेप्टोकॉकस शिरला की काही आठवड्यांनी एखाद्या पोराचं तोंड सुजतं, लघवी तपकिरी होते: मूत्रपिंडाला सूज आलेली असते. कातडीवरच्या दुर्लक्षित फोडानं मूत्रपिंड धरलं. त्या पोराच्या आईला कोणी सांगितलेलं नसतं की हे त्या खरजेतून आलं. तिला वाटतं, नजर लागली.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 साली खरजेला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातलं. दुर्लक्ष कोणी केलं? वसतिगृहाच्या अधीक्षकानं केलं, कारण पोरांच्या खरजेची नोंद केली तर चौकशी येते. शिक्षकानं केलं, त्यानं खाजवणाऱ्या पोराला मागच्या बाकावर बसवलं. बाकी पोरांच्या आईबापांनी केलं. त्यांनी त्या पोराशी खेळू नको म्हणून सांगितलं. ज्याला सगळ्यांनी मिळून बरं करायला हवं होतं, त्याला सगळ्यांनी मिळून एकटं पाडलं.

कायदा या बाबतीत अगदी आंधळा होता असं नाही. 2016 साली केंद्र सरकारनं 344 मिश्र औषधांवर बंदी घातली; प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं; 2018 साली पुन्हा तपासणी होऊन 328 मिश्रणांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र घोटलेली काही मलमंही होती. त्याच वर्षी स्टेरॉइडच्या मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची जी जुनी सूट होती ती काढण्यात आली. देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, खास कृतिदल उभं केलं. मग आजही ती ट्यूब का मिळते? एक मिश्रण बंद झालं की घटक थोडे बदलून दुसरं येतं. दुकानाच्या भिंतीवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असतं. माल देणारा मात्र कितीदा तरी दुसराच असतो. ट्यूबवर सूचना छापलेली असते की नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. ती इंग्रजीत असते, बारीक अक्षरांत, ट्यूबच्या घडीजवळ. देवळीच्या किंवा सेलूच्या बाजारात ट्यूब घेणाऱ्या कापूस वेचणाऱ्या बाईसाठी ती छापलेली नाही. जिची कातडी जळणार आहे तिला वाचता येणार नाही अशा भाषेत धोका सांगायचा आणि मग म्हणायचं की आम्ही सांगितलं होतं, याला मी कायद्याचं पालन म्हणत नाही.

पण दुकानदाराला आणि कंपनीला दोष देऊन आपण सुटू, असं मला वाटू द्यायचं नाही. त्यांना गिऱ्हाईक कोण पुरवतं? आपलं घर पुरवतं.

चेहऱ्याची गोष्ट घ्या. देशातल्या 12 केंद्रांवर झालेल्या आणि 2011 साली छापून आलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले. त्यांतले 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरनं सांगितलेलंच नव्हतं. मैत्रिणीनं, पार्लरवालीनं, दुकानदारानं सांगितलं होतं. कशासाठी? गोरं दिसण्यासाठी, डाग जाण्यासाठी. स्टेरॉइडनं चेहरा काही आठवडे उजळतो हे खरं. मग मुरूम उठतात, ओठावर-गालावर लव येते, शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते. मलम बंद करावं तर चेहरा लालबुंद सुजतो, म्हणून पुन्हा लावावं. डोळ्यांच्या पापण्यांजवळ लावलं तर काचबिंदू-मोतीबिंदूपर्यंत मजल जाते. त्या मुलीनं हे का लावलं? कारण पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तिच्या देखत "रंग थोडा कमी आहे" म्हटलं होतं. कारण तिच्या आईनं बायोडाट्यात गव्हाळ लिहू की निमगोरी, यावर रात्र काढली होती. विदर्भाच्या उन्हात कापूस वेचून, तुरीत निंदण करून काळ्या पडलेल्या पोरींना आपण गोरेपणाच्या मापानं मोजतो. शिकलेली, नोकरीवाली, सुधारकांच्या जयंतीला भाषणं करणारी घरंसुद्धा मोजतात. गोरी सून मागणाऱ्या प्रत्येक घरानं त्या मलमाच्या विक्रीत आपला वाटा उचललेला आहे.

आणि इसब असलेल्या मुलीचं काय होतं? तिला डॉक्टरकडे नेत नाहीत, कारण दवाखान्यात कोणी ओळखीचं भेटेल. उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा कुडता घालायला लावतात. लग्न ठरेपर्यंत जहाल मलम चोळून चट्टे दाबून ठेवतात. लग्नानंतर चट्टे वर आले की सासरचे म्हणतात, फसवलं. इसब कोणाला लागत नाही, तो संसर्गजन्य नाही, ही साधी गोष्ट दोन्ही घरांत कोणालाच माहीत नसते. माहीत करून घ्यायची इच्छाही नसते. जी गोष्ट लपवायचीच आहे तिच्याबद्दल विचारणार तरी कोण?

वर्ध्याच्या माणसाला हे सांगताना मला जास्त दुःख होतं, कारण कातडीच्या लाजेशी खरी लढाई या देशात कुठे झाली असेल तर ती याच मातीत. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी वसाहत सुरू केली, तेव्हा कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत. सेवाग्राम आश्रमात संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री आले, अंगावर कुष्ठरोग घेऊन. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळच जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली, जखमा पाहिल्या. त्या वेळी त्या रोगावर आजच्यासारखं खात्रीचं औषध नव्हतं. ज्या हातांना औषध देता येत नव्हतं त्यांनी स्पर्श दिला. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभं राहिलं, त्याचं केंद्र वर्धा. तिथे डॉ. वार्डेकरांनी घरोघर जाऊन रोगी शोधायचे, गावाला समजावायचं आणि घरीच उपचार करायचे ही पद्धत घडवली. पुढे ती देशभर गेली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी आले त्यांत वर्धा होता.

त्याच वर्ध्यात आज काय चाललं आहे? पाठीवर, दंडावर एक फिकट चट्टा दिसतो. हाताला लागत नाही, खाजत नाही, सुई टोचली तरी कळत नाही. माणसाच्या मनात एकच शब्द येतो आणि तो कोणालाही न सांगता मेडिकलवर जाऊन ट्यूब आणतो. सहा महिने ती चोळतो. त्या सहा महिन्यांत चट्ट्याखालची नस मरत जाते. बोटं वाकडी होऊ लागतात तेव्हा तो दवाखान्यात येतो. सहा किंवा बारा महिने घ्यायचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पहिले डोस घेतल्यावर रोग दुसऱ्याला लागण्याची भीतीही संपत जाते. पण गेलेली नस परत येत नाही. देशानं 2005 च्या अखेरीस कुष्ठरोग सार्वजनिक समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं, तरी विदर्भात आजही नवे रुग्ण सापडतात. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यांत लिहिलेलं होतं, आणि ते 2019 साली काढावं लागलं. कायद्यातून काढलं. आपल्या लग्नाच्या बैठकीतून अजून निघालेलं नाही.

डॉक्टरांबद्दलही बोललंच पाहिजे. त्वचारोग हा पुष्कळ डॉक्टरांच्या लेखी किरकोळ रोग आहे. एमबीबीएसच्या अभ्यासात त्याला मोजके आठवडे मिळतात. गावातला डॉक्टर, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, कपडे बाजूला करून चट्टा नीट न पाहताच त्याच मिश्र मलमाची चिठ्ठी लिहितो, वर खाजेची सुई टोचतो. ती सुई पुष्कळदा स्टेरॉइडचीच असते. आराम पडतो, डॉक्टरचं नाव होतं. जे रुग्णाला कळत नाही ते डॉक्टरला कळतं. म्हणून या पापात त्याचा वाटा मोठा आहे.

शेतातल्या एका रोगाचंही इथे सांगतो. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला, पडीत जागेत गाजर गवत माजतं. 1950 च्या दशकात ते पहिल्यांदा पुण्याच्या आसपास नोंदलं गेलं आणि 1970 च्या दशकात पुण्यातच त्यापासून होणाऱ्या इसबाचे रुग्ण मोठ्या संख्येनं समोर आले. त्याचे बारीक कण हवेत उडून पापण्या, मान, कोपराच्या घड्या इथे बसतात आणि कातडी जाड, काळी, खाजरी होते. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत शेतकऱ्याला हा त्रास वाढतो. तो दर वर्षी मलम घेतो, दर वर्षी बरं वाटतं, दर वर्षी गवत तसंच राहतं. हातमोजे घालून, तोंड बांधून, फुलावर येण्याआधी ते उपटणं हा या इसबावरचा पहिला उपचार आहे आणि तो ग्रामपंचायतीच्या हातात आहे. रस्त्याच्या सिमेंटीकरणाला पैसे मिळतात, उद्घाटनाचा फलक लागतो. गाजर गवताला कोणी पुढारी हात घालत नाही.

दर वर्षी 30 जानेवारीला, गांधीजींच्या पुण्यतिथीला, देशभर ग्रामसभांत कुष्ठरोगाविषयी शपथ वाचली जाते. वर्धा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी या वेळी शपथेला एक काम जोडावं. प्रत्येक घरानं आपल्या कपाटातल्या, फडताळातल्या, उशाखालच्या सगळ्या ट्यूब ग्रामसभेत घेऊन याव्यात, संपलेल्या आणि अर्ध्या राहिलेल्यासुद्धा. आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी त्या टेबलावर मांडाव्यात, प्रत्येकीवरचं औषधाचं नाव मोठ्यानं मराठीत वाचावं, कशात स्टेरॉइड आहे ते सांगावं. कोणाकडून विकत घेतली तेही तिथेच विचारावं आणि ती यादी ठरावासोबत अन्न व औषध प्रशासनाला पाठवावी. ज्यांच्या अंगावर चट्टा आहे त्यांच्यासाठी शाळेची एक खोली पडदा लावून मोकळी ठेवावी, बायकांसाठी वेगळी, आणि त्याच दिवशी तपासणी करून कोणाला सेवाग्रामला किंवा सावंगीला जायचं ते ठरवावं. सरपंचानं त्या खोलीत सगळ्यांच्या आधी स्वतः जावं.